अडतीसचं घड्याळ

"आमच्या लग्नाच्या सालात बनलेला घड्याळ आणतलंय सुगंधाक! साऱ्या मालवणात तसला कोणाकडे मिळूचा नाय!"

सोड्याच्या बाटल्या भरता भरता सत्यवानाने दुकानात जाहीर करून टाकलं, वर सुगंधाला सांगू नका म्हणून बजावलंही. साल १९६०. आदल्याच आठवड्यात शेजारी बाबली याच्या वहिनीचं मुंबईहून आलेलं घड्याळ सुगंधाने कानाला लावलं होतं आणि ती टिकटिक ऐकून लहान मुलीसारखी हसली होती. ते हसू काही सत्यवानाच्या डोक्यातून जाईना!

"लग्नाचा साल खयचा?" बाबलीने विचारलं.

"अडतीस! झोपेतसुद्धा सांगीन!"

गोव्याच्या हद्दीवर, बांद्याला मिंगेल नावाचा घड्याळजी होता. त्याने जुनी घड्याळं उघडून आतली सालं दाखवली. एक बावन्नचं, एक सत्तेचाळीसचं, एक तर इतकं गंजलेलं की बहुधा शिवाजी महाराजांच्या वेळचं असावं! अडतीसचं नव्हतं. "बघतंय खंय गावता काय. पुढच्या बाजाराक ये," मिंगेल म्हणाला.

पुढच्या बाजाराला सत्यवान हजर. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता आणि तिकडून येणारं चोरटं सोनं नि घड्याळं पकडायला नाक्यावरचे पोलीस डोळ्यांत तेल घालून बसलेले. त्यांतलाच एक साध्या कपड्यांत मिंगेलच्या दुकानाशी विडी ओढत होता. बाजारात मालवणचीही माणसं होती. सुगंधाला आधी कळू नये म्हणून सत्यवान मिंगेलच्या कानाशी लागला.

"अडतीसचो माल इलो?"

झालं! पुढच्या क्षणी त्याची मानगूट पोलिसाच्या मुठीत!

"अडतीस काय? तोळे की घड्याळं?" नाक्यावर फौजदाराने दरडावलं.

सत्यवानाने घाबरून पुस्तकी मराठी काढली. "साहेब, अडतीस साली आमचा विवाह संपन्न झाला."

"पुरावा?"

"बायको!"

फौजदाराने सुगंधाला बोलवायला एस.टी.च्या कंडक्टरकडे निरोप धाडला. तो निरोप कुडाळात पोचला तेव्हा सत्यवान अडतीस घड्याळांसकट सापडला होता, आणि मालवणात शिरेपर्यंत अडतीस तोळे सोन्यासकट! ते ऐकून बाबलीने दुकानातली प्रत्येक सोड्याची बाटली उजेडात धरून पाहिली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने सुगंधा नाक्यावर उतरली. रात्रभर बाकावर बसून सत्यवानाचं तोंड उतरलं होतं. तिने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, फौजदाराला विचारलंसुद्धा नाही आणि केळीच्या पानातले घावणे सोडले.

"आधी खावा. मगे काय ती अटक होवा!"

"बाई," फौजदार म्हणाला, "तुमचं लग्न कुठल्या साली झालं?"

"एकोणचाळीस."

सत्यवानाच्या घशात घावणा अडकला तो तिथेच!

"गो, अडतीस ना?"

"अडतीसात तुमी माका बघूक इल्लास! पोहे खाल्लास, परत मागून घेतलास, आणि गेलास. वरीसभर होय नाय की नको नाय!" सुगंधा फौजदाराकडे वळली. "साहेब, रोज सांजवेळी मी पाणंदीत जाऊन उभी रवय. माझी आवस म्हणाक लागली, दुसरो नवरो बघूया. मी म्हटलंय, नको."

हे सत्यवानाने एकवीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

"माका वाटला तूच नको म्हणतलंस," तो पुटपुटला. "तू एवढी देखणी, आणि मी सोडावालो. म्हणान वरीसभर कळवूक धीरच झालो नाय."

फौजदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. "सोडा रे ह्याला! ज्याला स्वतःच्या लग्नाचं साल सांगता येत नाही, तो चोरटा धंदा काय करणार?"

दोघं मिंगेलकडे गेली. अडतीसचं घड्याळ खरंच आलं होतं, नाजूक, पिवळसर तबकडीचं. सत्यवान ते परत सारू लागला. "चुकला गो. एकोणचाळीसचा शोधूया."

"काय नको!" सुगंधाने झडप घालून घेतलं. "माका ह्याच व्हया. त्या वर्साचा मोल माका ठावक आसा." तिने ते कानाला लावलं, आणि परत तेच हसू!

मिंगेलने घसा खाकरला. "बाये, एक सांगतंय. घड्याळ बरा आसा, पण मागे पडता हां. कितीय दुरुस्त केला तरी उशीरच करता."

सुगंधाने नवऱ्याकडे पाहत हात पुढे केला.

"बांधा तर मगे. एवढी वर्सां असल्यासोबतच संसार केलंय!"