मोठ्या बाईंची तातडी

वर्गात भागाकार ऐन रंगात आला की आमच्या मोठ्या बाई खिडकीत उगवतात. "सर, लवकर चाला! लवकर!"

पहिल्यांदा मला वाटलं, साप निघाला. आमची शाळा मोहर्लीच्या अलीकडं, जंगलाला खेटून. इथं साप निघणं काही नवलाचं नाही. कोपऱ्यातली काठी उचलली आणि धावलो. बाई नळाजवळ उभ्या. साप नाही, विंचू नाही. पहिलीतली पिंकी तेवढी स्वतःच्या पायांकडं बघत उभी होती.

"पाहून घ्या," बाई कुजबुजल्या. "आज हिनं डावी चप्पल डाव्याच पायात घातली."

मी काठी घेऊन तसाच उभा. पिंकी बिचारी घाबरली.

"झालं. आता जा, करा तुमचा भागाकार."

या रामटेके बाई, आमच्या मुख्याध्यापिका. मी राजुऱ्याचा, तोंडाचा तिखट. बदलीवर आलो तेव्हा मनात म्हटलं, अरे देवा, कुठं येऊन पडलो! बाईंची तातडी तरी कसली असावी? खिचडी बुडाला लागली नाही, चाला. दोघं भांडता भांडता मधेच हसले, चाला. एकदा मोठे साहेब तपासणीला आले, फाइल उघडून बसले. बाई म्हणाल्या, "साहेब, फाइल कुठी पळून नाई जात," आणि त्यांना थेट तिसरीच्या दारात नेऊन उभं केलं. का, तर रोज पेंगणारा मारोती त्या दिवशी चक्क जागा होता! साहेबांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हो, जागा आहे." दुसरं काय म्हणणार?

माझा खरा वाद मात्र नाल्यापलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीवरून. तिथली पोरं, पिंकी आणि मारोतीसुद्धा त्यांतलीच, मोहाच्या दिवसांत पहाटेच आईबापांबरोबर फुलं वेचायला जातात आणि मग जंगलातल्या वाटेनं शाळेत येतात. सकाळची शाळा आणि ही मंडळी रोज उशिरा. बाई रागावतील तर शपथ! दारात उभं राहून एकेकाचे हात हुंगायच्या. "आज फूल लई पडलं वाटते बाप्पा!" म्हणायच्या आणि आत सोडायच्या. मी चरफडायचो. त्या पोरांचे पाढे कच्चे, त्यातून हे लाड.

एका सकाळी परिपाठ झाला, हजेरी झाली, टोल्यावरचं एकही पोर नाही. बाई दारातून हलेनात. मी म्हटलं, "येतील हो, आज फूल जास्त पडलं असेल." त्यांनी टोल्यावर फोन लावला. पलीकडून कुणी बोललं आणि बाईंचा चेहरा पार उतरला.

"सर, लेकरं कवाचीच निघाली म्हनते."

त्या वाटेवर आदल्या दिवशीच वाघाचे पंजे दिसल्याचं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मी गाडी काढली. बाई आयुष्यात पहिल्यांदा मोटारसायकलवर बसल्या असाव्यात. माझा खांदा असा धरला की दुखायला लागला. पण मी 'हळू धरा' म्हटलं नाही. गाडी तेवढी दामटली.

नाला ओलांडला. वर कुठंतरी वानर खाकरत होतं, म्हणजे धोक्याची हाक. बाई म्हणाल्या, "गाडी बंद करा." बंद केली. आणि झाडीतून आवाज आला.

"सात एके सात! सात दुणे चौदा!"

वळणावर बेहड्याच्या झाडाखाली सगळी पोरं एकमेकांचे हात धरून उभी होती आणि घसा फाडून पाढे म्हणत होती. वानर खाकरलं की पाय हलवायचा नाही, सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं आणि मोठ्यानं बोलत राहायचं, हे बाईंनीच शिकवलेलं. बोलायचं काय? तर जे येतं ते. वानर गप्प होईना, म्हणून पोरं हलेनात. एकपासून बारापर्यंतचे पाढे संपवून पुन्हा पहिल्यापासून, असं कधीचं चाललेलं. खरंच वाघ होता की वानरंच आपसात भांडत होती, देव जाणे!

"सात साती सत्तेचाळीस!"

माझ्यातला मास्तर उसळला. "एकोणप..."

"चुकू द्या हो!" बाई माझ्यावर पहिल्यांदाच ओरडल्या. "म्हनू द्या त्याहिले!"

आणि मटकन खाली धुळीत बसल्या. हसता हसता रडायला लागल्या. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? सगळी पोरं धडधाकट समोर उभी होती. वरचं वानरही गप्प झालं.

"सर, घरचं कुलूप उघडते तं बोलाले कोनी नसते," बाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "मालक गेले, पोरगा तिकडं हैदराबादेत. दिवसातलं चांगलं जे असते ते इथीच कोनाले तरी दाखवून टाकते. तुमाले तरास होते, समजते मले. पन आज वाटलं, आता काही दाखवाले उरत नाई."

मी त्यांना उठवायला हात पुढं केला.

तेवढ्यात टोल्यावरची सगळ्यात थोरली सोनी पुढं आली. "बाई, उठा. तुमी मधात या."

"काऊन वं?"

"लहानाले मधात घेत असतो ना. ज्याले भेव लागते त्याले बी."

पोरांनी हात सोडून जागा केली. बाई उठल्या आणि मुकाट रांगेत शिरल्या, एक हात मारोतीच्या हातात, दुसरा पिंकीच्या. मी गाडी ढकलत मागून निघालो. पाढा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. सात सकं आलं तसे मी कान टवकारले.

"सात साती सत्तेचाळीस!"

सगळ्यांत मोठा आवाज बाईंचा होता.