राणीला कारण सांगावं लागलं

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या नाटकातल्या भूमिका दर डिसेंबरात एसटीने येतात आणि आपलं काम कोणत्या मुलानं किंवा मुलीनं करायचं ते स्वतःच ठरवतात. तालुक्यातल्या बाकीच्या शाळांतही असंच चालतं, त्यामुळे त्याबद्दल कुणी विशेष बोलत नाही. शिपाई त्यांना स्टँडवरून घेऊन येतो, मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा होतो आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत निवड आटोपते.

मी भूगोल शिकवतो. निवडीच्या वेळी, ज्याला नाटकातलं काही कळत नाही असा एक शिक्षक साक्षीदार म्हणून बसवायचा असतो. माझ्या नावावर सगळ्यांचं एकमत झालं होतं.

आमच्या भागातल्या नाटकांत राणी लागली की एकच राणी येते. उंच, ताठ, बोलायला कमी. ती खुर्चीवर बसायची, दारात उभ्या मुलींकडे एकदा बघायची आणि म्हणायची, "ही." सलग चार वर्षं ती 'ही' म्हणजे अ तुकडीतली शर्वरी पाटणकर होती. शर्वरी उंच होती, गोरी होती, तिचा आवाज खणखणीत होता आणि ती कामही चांगलं करायची. ब तुकडीतल्या मुली गर्दीकडे जायच्या. गर्दी एकटीच येते, फार बोलत नाही, समोर दिसेल त्याला बरोबर घेते. तिच्याबद्दल कधी तक्रार आली नाही.

त्या वर्षी नाटकाचं काम गायधनी बाईंकडे आलं. बाई गणित शिकवायच्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. नाटक साधं होतं. राणीला गावच्या विहिरीत चंद्र दिसतो. तो दुसऱ्या कुणी बघू नये म्हणून ती विहिरीवर झाकण घालायचा हुकूम देते. गाव तहानेनं कासावीस होतं. शेवटी एक म्हातारी येऊन ओंजळभर पाणी मागते आणि राणी झाकण काढायला लावते.

राणी आली तेव्हा बाईंनी तिला मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलंच नाही. सातवी ब च्या वर्गात नेलं आणि पहिला बाक दाखवला.

"मला खुर्ची देतात," राणी म्हणाली.

"मुली बाकावर बसणार आहेत, राणीसाहेब. तुम्ही खुर्चीवर बसलात की त्या खुर्चीला उत्तरं देतात."

राणी बसली. गुडघे बाकाला लागत होते, पण तिनं तसं दाखवलं नाही.

"ज्या मुलींना राणी व्हायचंय त्या सगळ्या तुम्हाला भेटतील," बाई म्हणाल्या. "दोन्ही तुकड्यांतल्या."

"निवडीचा अधिकार भूमिकेचा असतो. तसा नियम आहे."

"आहेच. तो तुमच्याकडेच राहील. फक्त जिला नाही म्हणाल तिला कारण सांगायचं. तिच्या तोंडावर. आणि कारण असं हवं की त्यावर तिला काहीतरी करता येईल. तिनं केलं, तर तिला परत भेटायचं."

राणीनं जरा विचार केला. "समजा एखादी बुटकी असली तर?"

"त्यावर ती काय करणार?"

"सावळी असली तर?"

"त्यावर ती काय करणार, आणि का करणार?"

राणीनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. मला त्या क्षणी गायधनी बाईंबद्दल जे वाटलं ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

जे काम दुपारपर्यंत संपायचं त्याला आठवडा लागला. राणीची सोय मुख्याध्यापकांच्या घरी केली होती. तिथून ती रोज प्रार्थनेच्या आधी येऊन बाकावर बसायची. सुरुवातीला तिला कारणं सुचत नसत. ती नुसती "नको" म्हणायची आणि बाई शांतपणे विचारायच्या, "म्हणजे काय नको?" मग हळूहळू जमायला लागलं. एका मुलीला ती म्हणाली, "वाक्य संपत आलं की तू हसतेस." दुसरीला म्हणाली, "समोरच्याचं बोलणं संपायच्या आधीच तू तोंड उघडतेस." मुली नाही ऐकून बाहेर पडायच्या, पण मान खाली घालून नाही. हसणारी मुलगी तर पायरीवर बसून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पल्लवी ढगे तिसऱ्या दिवशी आली. ब तुकडीतली, नदीपलीकडच्या वस्तीवरची. बाकावर बसली तर पाय जमिनीला टेकत नव्हते. पहिलीपासून ती गर्दीत होती.

राणीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्या ओठांवर काय आलं होतं ते मला दिसत होतं, आणि ते तिनं गिळलेलंही दिसलं. मग ती म्हणाली, "तुझा आवाज माझ्यापर्यंत पोचत नाही."

"बरं," पल्लवी म्हणाली आणि गेली.

दोन दिवसांनी ती परत आली. तिनं दारातूनच हुकमाचं वाक्य म्हटलं. शेजारच्या वर्गातले सर बाहेर येऊन बघून गेले.

"हे कसं केलंस?" राणीनं विचारलं.

"आमचा चुलता नदीच्या त्या काठाला शेरडं राखतो. त्याला ह्या काठावरून जेवायला हाका मारल्या. आधी पोरं पाठवावी लागायची. आता पहिल्या हाकेत येतो."

राणीनं पल्लवीला वर्गात चालून दाखवायला सांगितलं. "तू खाली बघून चालतेस."

"वाटेत काटे असतात, राणीसाहेब."

"राजवाड्यात नसतात."

दुसऱ्या दिवशी पल्लवी मान वर करून चालत आली. उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधली होती. राणी त्या चिंधीकडे बघत राहिली. बाई वाट बघत होत्या. मीही. सांगण्यासारखं कारण राणीकडे उरलं नव्हतं.

"मी एक विचारू का?" पल्लवी म्हणाली.

"विचार."

"विहिरीवर झाकण घातलं म्हणजे राजवाड्यातही पाणी नसणार. मग तुम्ही काय पिता?"

"हे मला कुणी विचारलं नव्हतं," राणी म्हणाली. "हुकूम दिला की माझा प्रवेश संपतो. मी विंगेत जाते. तिथे तांब्या भरून ठेवलेला असतो."

"मग तुम्हाला हुकूम दिल्याचं कळतच नसेल."

राणी बाकावरून उठली. "हिच्याकडे जाईन मी," ती बाईंना म्हणाली. नेहमीसारखं 'ही' म्हणाली नाही.

बाईंनी मान हलवली. "अजून एकीला कारण सांगायचं राहिलंय."

शर्वरी व्हरांड्यात उभी होती. गेल्या चार वर्षांची सवय, त्यामुळे ती वर्गात येऊन सरळ राणीशेजारी बसली. राणी खिडकीबाहेर बघू लागली.

"तुझ्यात काही कमी नाही," ती शेवटी म्हणाली.

"राणीसाहेब," बाई हळूच म्हणाल्या, "ह्यावर ती काय करणार?"

शर्वरीनं बाईंकडे पाहिलं, मग राणीकडे. तिला कळलं. तिचा चेहरा उतरला, पण ती उठून गेली नाही. "खरं कारण सांगा," ती म्हणाली.

"मी काय बोलणार ते तुला माझ्याआधी ठाऊक असतं," राणी म्हणाली. "तुझ्याकडे आले की मी घरी आल्यासारखी बसते. तू मला काही विचारत नाहीस, मी तुला काही विचारत नाही. ज्या कामाची तुला धास्ती वाटेल, अशा कामाकडे जा."

त्या संध्याकाळी शर्वरीची आई शाळेत आली. पाटणकर वहिनी मनानं चांगल्या, पण लेकीचं दुःख बघून आल्या होत्या. "तिचा राणीचा पोशाख शिवून तयार आहे, बाई. तिनं काय चुकीचं केलं ते तरी सांगा."

"काहीच नाही."

"मग हा न्याय झाला का?"

"तुम्हाला आज लागलंय, ते मला दिसतंय," गायधनी बाई म्हणाल्या. "पण आजवर ज्या मुली कारणाशिवाय परत गेल्या त्यांच्या आया इथपर्यंत आल्या नाहीत. त्यांना वाटलं, असंच असतं. शर्वरीला कारण मिळालंय. ते ऐकायला तिला फार धीर लागला. मी तिथे होते."

वहिनी थोडा वेळ बसल्या आणि पाणी पिऊन गेल्या.

शर्वरी म्हातारीकडे गेली. म्हातारीची भूमिका आठवडाभर शाळेच्या पाणपोईजवळ बसून होती, कारण चार वाक्यांच्या कामासाठी तिच्याकडे कुणी आलं नव्हतं. शर्वरीनं चारही वाक्यं सफाईनं म्हणून दाखवली.

"नको," म्हातारी म्हणाली. "तुला तहान लागलेली नाही."

शर्वरी दुसऱ्या दिवशी डबा खाऊन पाणी न पिता आली. म्हातारी म्हणाली, "आता तहान लागलीय, पण मागायची सवय नाही. तू हुकूम करतेस." त्यावर काय करायचं ते शर्वरीला कळेना. ती पल्लवीला शोधत ब तुकडीच्या वर्गापर्यंत गेली. तिथे त्या दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. पण त्यानंतर मधल्या सुट्टीत शर्वरी एकेका वर्गाच्या दारात उभी राहून अनोळखी मुलांकडे पाणी मागताना दिसू लागली. काहींनी दिलं, काही हसले. एका पाचवीतल्या मुलानं बाटली मागे लपवली, तेव्हा ती तशीच उभी राहिली. म्हातारी ते लांबून बघत होती. ती उठून शर्वरीजवळ गेली आणि तिच्या खांद्याला धरून चालायला लागली. निवड झाली.

प्रयोगाच्या दिवशी भूमिका विंगेत उभ्या राहिल्या आणि घंटा झाल्यावर आपापल्या मुलांत शिरल्या. हे नेहमीचंच. बाईंनी त्या वर्षी विंगेत तांब्या ठेवू दिला नव्हता.

पल्लवी रंगमंचावर आली तेव्हा मागच्या रांगांतून कुणीतरी म्हणालं, "केवढीशी राणी." तिनं हुकूम दिला तो हळू आवाजात. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. पण हुकूम देऊन ती विंगेत गेली नाही. सिंहासनावर बसून राहिली, झाकलेल्या विहिरीकडे बघत. गावकरी आले, रडले, गेले आणि ती तिथेच. हळूहळू तिचे ओठ सुकायला लागले. हे नाटकात लिहिलेलं नव्हतं.

मग म्हातारी आली. तिनं चारही वाक्यं म्हटली नाहीत. पहिलं अर्धं म्हटलं आणि ओंजळ पुढे केली. राणीनं तिच्याकडे पाहिलं आणि झाकण काढायला कुणाला सांगितलं नाही. स्वतः उठली. झाकण तिच्याहून जड होतं. म्हातारीनं दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून ते बाजूला सरकवलं आणि आधी कुणी प्यायचं यावरून दोघी एकमेकींना हातानं खुणा करत राहिल्या.

पाटणकर वहिनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते. पदरानं पुसत त्या मला म्हणाल्या, "फार छान करतेय हो ती म्हातारी. कुणाची मुलगी? आणि आमची शर्वरी कधी येणार?"

मी म्हणालो, "बघा, येईलच."

पडदा पडल्यावर भूमिका मुलांमधून बाहेर पडल्या आणि मुली चेहरे धुवून आल्या. शर्वरीनं आईच्या पायाशी बसून चपला घातल्या. वहिनी तिच्या केसांतली पांढरी पावडर बघत राहिल्या, मग त्यांनी तिचं डोकं जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. गायधनी बाई एका बाजूला खुर्च्या मोजायला लावत होत्या. त्यांच्याजवळ राणी गेली आणि म्हणाली, "आज हुकूम दिल्यावर माझा घसा कोरडा पडला." बाईंनी तिला पेला भरून दिला. राणी तो उभ्यानंच प्यायली.

सकाळच्या एसटीनं राणी गेली, गर्दी गेली, बाकीचेही गेले. म्हातारी मात्र गेली नाही. आदल्या रात्री पाटणकर वहिनींनी तिला जेवायला घरी नेलं होतं. तिथे गरम भात, मेतकूट आणि तूप वाढलं, आणि नंतर अंथरूण घातलं. दुसऱ्या दिवशी शिपाई न्यायला गेला तेव्हा ती ओट्यावर बसून शेंगा सोलत होती.

ती अजून तिथेच आहे. बाकीच्या शाळा म्हातारीचं काम लागलं की पाटणकरांकडे निरोप पाठवतात. वहिनी तिला रिक्षानं पोचवतात, प्रयोग संपेपर्यंत थांबतात आणि अंधार पडायच्या आत घरी घेऊन येतात.