लोणच्याच्या बरणीतला वॉर्ड

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आहे. ऱ्हस्व-दीर्घही मला जमत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, कारण मिठागरावर आईला हाताखाली कुणीतरी हवं होतं. तेव्हा वाचणाऱ्याने चुका पोटात घालाव्यात. पण समोरच्या फ्लॅटमधल्या सिस्टरनी माझ्या लोणच्याच्या बरणीचा दवाखाना केला, हे लिहून काढल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही. तोंडावर बोलता आलं असतं तर कशाला लिहीत बसले असते? पण माझा राग दारापर्यंत जातो आणि चप्पल घालायच्या आधीच परत येतो.

सिस्टर म्हणजे नर्स. सरकारी दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात त्यांची सगळी नोकरी गेली. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर पनवेलला आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या. लोक रिटायर होताना शाल आणि नारळ घेऊन घरी येतात. या माशांची काचेची टाकी घेऊन आल्या. वॉर्ड नवा करताना ती टाकी भंगारात काढली होती आणि तिच्यात एक नारिंगी मासा जिवंत उरला होता. त्याचं नाव सात नंबर. टाकी वॉर्डात सात नंबरच्या खाटेसमोर असायची म्हणून.

पुढे त्यांनी आणखी मासे आणले. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. टाकीत हिरवी झाडं लावली. आणि टाकीवर पाटी चिकटवली: भेटण्याची वेळ चार ते सहा. आता मला सांगा, माशांना भेटायला कोण येणार होतं? पण पाटी होती.

माणसांनाही त्या नंबरानेच हाका मारतात. मी दोनशे तीन. आमचे हे दोनशे तीनचे मिस्टर. वरच्या मजल्यावरच्या वकिलीणबाई तीनशे एक. वॉचमनला नुसतं गेट म्हणतात. एवढं वय झालं माझं, दोन मुलींची लग्नं केली, आणि जिन्यात उभं राहून कुणी मला दोनशे तीन म्हणावं?

त्या राहायला आल्या त्या दिवशी मी शेजारधर्म म्हणून ताटलीभर बोंबील तळून नेले. ताज्या बोंबलांना रवा लावून, कुरकुरीत. दार उघडल्या उघडल्या त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून ताटलीवर टाकला.

"पेशंटसमोर नाही!" दबक्या आवाजात म्हणाल्या.

मी आत डोकावले. खाटेवर कुणी नव्हतं. टाकीतून सात नंबर माझ्याकडे बघत होता.

मग स्वयंपाकघराचं दार आतून लावून त्यांनी सगळे बोंबील खाल्ले आणि ताटली घासून परत दिली. वर म्हणतात कशा, "मीठ जरा कमी होतं." मिठागरवाल्याच्या मुलीला!

तेव्हापासून माझ्या तव्यावर काही पडलं की यांची बेल वाजलीच. "दोनशे तीन, खिडकी बंद कर. पेशंट घाबरतात."

"सिस्टर, ते पाण्यात हायत. पाण्यात वास कसा जाईल?"

"त्यांना सगळं कळतं."

आमचे हे आतून ओरडले, "कळणारच की! तू त्यांचे नातेवाईक तळतेस!" मी हसले नाही. स्वतःच्या घरात खिडकी लावून घामाने भिजत मी मांदेली तळायची, कारण समोरच्या घरातल्या माशाचं मन दुखतं? हा कुठला न्याय?

बरं, एवढी बडदास्त ठेवून ते मासे जगावेत की नाही? छे. आज एक नंबर उताणा, पुढच्या आठवड्यात तीन नंबर तळाशी पडलेला. झाडांचीही तीच गत. आधी पानं पिवळी, मग काचेसारखी आरपार, मग शेवाळासारखी गळून पाण्यावर. सिस्टर दारात येऊन सांगायच्या, "केस गेली." मी म्हणायची, "अरेरे." दुसरं काय म्हणणार? मग त्या तरातरा चालत अब्बासभाईच्या दुकानात जायच्या. अब्बासभाई म्हणजे स्टँडच्या बाजूला मासे, दाणे आणि पिंजरे विकणारे दुकानदार. गरीब माणूस त्यांना बघितल्यावर उठून उभा राहायचा.

"तुमचा माल इन्फेक्शनवाला आहे," सिस्टर म्हणायच्या.

"सिस्टर, खुदा के वास्ते इतकं धुवू नका," ते म्हणायचे. "जरा घाण राहू द्या. मासे हायत ते."

"घाण? माझ्या वॉर्डात?" की झालं, पुढचं ऐकायलाच थांबायच्या नाहीत.

धुण्याबद्दल मात्र मानलं पाहिजे. टाकीतले दगड त्या पातेल्यात उकळायच्या. झाडांची पानं कापसाने पुसायच्या. पाणी साफ करायचं जे मशीन असतं, त्याच्यातला स्पंज रोज नळाखाली पिळून पिळून पांढरा करायच्या. टाकीतलं जवळजवळ सगळं पाणी काढून नळाचं ताजं भरायच्या. त्या घरात माशी बसत नव्हती. मासा तरी कसा बसणार?

मग सात नंबरच्या अंगावर ठिपके आले. पांढरे, बारीक, रव्यात घोळवल्यासारखे. दगडावर अंग घासत फिरायला लागला. सिस्टर माझ्या दारात आल्या, केस न विंचरता. तसं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"दोनशे तीन, पेशंटला वेगळं ठेवायचंय. काचेचं, तोंड मोठं असलेलं काही आहे?"

माझ्या तोंडून "नाय" निघायच्या आत त्यांची नजर फळीवर गेली. तिथे माझी बरणी होती. जाड काचेची, थोरलीच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली, हाताला जड लागणारी. तळाला कैरीचं लोणचं होतं. ते त्यांनी स्वतः वाटीत काढून माझ्या हातात ठेवलं आणि बरणी घेऊन गेल्या. मी वाटी घेऊन उभी. गेला की नाही दिवसाढवळ्या माझा माल?

त्यातच माझा भाऊ आला. आता मिठागर राहिलं नाही, पण ओळखीपाळखीतून कुठून तरी जाडं मीठ मिळवतो आणि बहिणीला पिशवीभर देऊन जातो. जिन्यातूनच ओरडतो, "यमुने! ए यमुना! मीठ घे गं!"

समोरचं दार उघडलं. "गोंगाट नको. वॉर्ड आहे." मग पिशवीकडे बघून, "हे मीठ साधं आहे? काही मिसळलेलं नाही ना?"

"समुद्राचं हाय, बाई," भाऊ छाती काढून म्हणाला.

झालं. अर्धी पिशवी तिकडे. सात नंबरला बरणीत मिठाच्या पाण्याची अंघोळ सुरू झाली. खोटं का बोला, ठिपके गेले. पण यांनी खुशीत येऊन तेच मीठ टाकीतही ओतलं. उरलीसुरली झाडं चार दिवसांत विरघळली. आणि सात नंबर टाकीत परत गेला तो तळाशी कुशीवर पडून राहिला. पंख मिटलेले, तोंड तेवढं उघड-मीट. तोवर बाकीच्या केसेस गेल्या होत्या. टाकीत तो एकटाच.

पुन्हा त्याला बरणीत घ्यायचं म्हणून सिस्टरनी बरणी निर्जंतुक करायला घेतली. उकळतं पाणी, एका दमात. माझ्या घरापर्यंत आवाज आला. फट्!

त्या तुकडे कागदात गुंडाळून घेऊन आल्या. "किंमत सांग."

"राहू दे हो," मी म्हणाले. आतून जीव जळत होता.

"चारशे!" आमचे हे आतून.

त्यावर या बाईंनी काय करावं? महिन्याला पेन्शन येते. तरी पर्स उघडून दहाची एक नोट काढली. "उद्या चारला पुढचा हप्ता देईन." आणि खरंच, रोज चार वाजता दारात. दहा रुपये द्यायच्या आणि खुर्चीवर बसायच्या. चहा घ्यायच्या. सात नंबरची तब्येत सांगायच्या. माझा चहा, साखर, आलं, हे सगळं कुठल्या हिशेबात? माझी तर चिडचिड व्हायची. एकदम देऊन मोकळ्या का होत नाहीत?

एका सकाळी त्यांच्याकडे धाडकन आवाज आला. टाकीच्या पाण्याची बादली न्हाणीघरात नेताना स्वतःच पुसून पुसून गुळगुळीत केलेल्या लादीवरून घसरल्या होत्या. उजवा हात मोडला. मी आणि आमचे हे रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या पोरसवदा नर्सला म्हणतात, "पट्टी अशी नाही गुंडाळत!" ती बिचारी रडायची बाकी होती.

प्लास्टर घालून घरी आल्यावर माझ्यावर हुकूम सुटले. दगड उकळ. स्पंज धू. पाणी बदल. आता हे सगळं मी करणार? आणि कुठल्या पाण्याने? नेमका त्याच वेळी रस्त्याच्या खोदकामात मोठा पाइप फुटला आणि नळ दिवसातून अर्धा तासच यायला लागला. बायका कळशीसाठी भांडत होत्या. मी सरळ सांगितलं, म्हणजे जमिनीकडे बघत सांगितलं, "सिस्टर, दगड-बिगड नाय धुणार मी. पाणी नाय."

"मग तो मरेल," त्या म्हणाल्या. एवढंच. पुढे हुकूम नाही. डाव्या हाताने टाकीच्या काचेवर बोट ठेवून बसल्या.

आमच्या घरात पाणी आलं की कालचं ओतून टाकतात, कळशी घासतात, ताजं भरतात. आई तसंच करायची, सासूही. शिळं पाणी आम्ही पीत नाही. त्या दिवसांत ओतायला जीव होत नव्हता आणि पिववत तर नव्हतंच. मनात म्हटलं, माशाला काय, शिळं चालतंय. रोज सकाळी टाकीतून दोन तांबे पाणी काढलं आणि माझ्या कळशीतलं कालचं दोन तांबे ओतलं. बाकी कशाला हात लावला नाही. टाकीत गाळ साचला, काचा हिरवट झाल्या, स्पंज तपकिरी. सिस्टरना तिकडे बघवेना. त्या पाठ करून बसायच्या.

पाठ केलेली असली की मी त्यांचे केस विंचरायची. एका हाताने त्यांना वेणी कशी जमणार? पांढरे, मऊ केस, लहान मुलीसारखे. एकदा धीर करून विचारलं, "तुमी सगळ्यांना नंबर का म्हनता?"

मग म्हणाल्या, "वॉर्डात सुरुवातीला नावाने हाका मारायचे. नावाने हाक मारलेलं मूल गेलं, की ते माझ्याबरोबर घरी यायचं. मग जेवण जायचं नाही. मेट्रन म्हणाली, खाटेचा नंबर म्हणत जा."

"आनि मग?"

"मग जेवण जायला लागलं." आणि हात वर करून म्हणाल्या, "भांग वाकडा काढलास."

पुढे एका सकाळी मी तांब्या ओतला आणि सात नंबर सरळ वर आला. माझ्या बोटाला तोंड लावलं. मी एवढ्या जोरात किंचाळले की खालून गेट, म्हणजे वॉचमन, धावत वर आला. टाकीत मेलं म्हणून सोडून दिलेल्या एका झाडाच्या बुंध्याला हिरवा कोंब होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

सिस्टरनी मलाच अब्बासभाईंकडे पाठवलं, औषध कुठलं लागू पडलं ते विचारायला. ते हसले. "कुठलंच नाय, भाभी. नळाच्या ताज्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते माशालाही मारतं. दिवसभर ठेवलं की उडून जातं. आणि स्पंजातली ती घाण नाय, तीच टाकी सांभाळते. मी किती सांगितलं."

हे सिस्टरना सांगायचं मला कठीण गेलं. चिडले होते ना मी? आता टोमणा मारायची पाळी माझी होती. पण त्या ऐकताना हळूहळू खुर्चीत लहान होत गेल्या.

"म्हणजे मी धुऊन धुऊन..." त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, "वॉर्डात धुतलं की मुलं वाचायची गं. धुणंच तेवढं माझ्या हातात होतं."

मी चहा टाकला.

प्लास्टर निघालं. चार वाजता त्या आल्या, पण बसल्या नाहीत. दहाची नोट पुढे केली. "हा शेवटचा." नोट दिली आणि दारातच उभ्या. जायचंही नाही आणि खुर्चीकडेही बघायचं नाही. रिकामी पर्स दोन्ही हातांत धरलेली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की पेन्शनवाली बाई दहा-दहा रुपये का देत होती. उद्या चार वाजता यायला त्यांच्याकडे आता काही उरलं नव्हतं.

मला बोलायचं होतं. शेवटी जमिनीकडे बघत म्हणाले, "कालचं पानी ओतलं नाय मी. तुमच्यासाठी ठेवलंय. चार वाजता येऊन न्या."

"उद्या?"

"रोज. शिळं काय, रोजच होतं पानी."

त्या खुर्चीवर बसल्या. तव्यावर मांदेली होती, वास घरभर पसरला होता, खिडकी सताड उघडी होती. खिडकीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

"हप्ते मोजून घे, यमुना," त्या म्हणाल्या. "पुरे झाले ना?"

मी मोजले नाहीत. मूठ मिटली आणि म्हणाले, "झाले, सिस्टर. पुरे चारशे फिटले."