वाळवीवर गेलेलं जंगल

एका जंगलात, मुलांनो, सगळी कामं मुंग्या करायच्या. मुंग्या कष्टाळू असतात हे तुम्हाला शाळेत सांगितलंच असेल. पण मुंग्या सांगाल तेवढंच करतात, हे कुणी सांगितलं नसेल. तुमच्या मनात काय होतं, हे त्या विचारत नाहीत.

म्हणून त्यांना काम नीट समजावून देणारं कुणीतरी लागायचं. ते काम साळूताई करायची. साळूताई होती साळिंदर. पाठीवरचा एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि पळसाच्या पानावर ओळीनं सूचना लिहायच्या.

झऱ्याच्या कुंडाला एक लाकडी फळी होती. सकाळी ती उचलली की पाणी पाणवठ्यात यायचं. ऊन चढलं की ती खाली सोडायची, म्हणजे उद्याचं पाणी कुंडात राहायचं. साळूताईनं पहिलं पान लिहिलं तेव्हा ‘फळी उचला’ असं लिहिलं आणि ‘थांबा’ लिहायचं राहून गेलं. मुंग्या फळी घेऊन सागाच्या शेंड्यावर गेल्या.

साळूताई दिवसभर झाडाखाली उभी राहून आपली चूक शोधत होती. ती सापडली तेव्हा तिला इतका आनंद झाला की, जन्मभर हेच काम करायचं असं तिनं ठरवून टाकलं. लहानपणी असे निर्णय होतात.

पुढे चार वर्षं पाणी वेळेवर आलं.

मग कामांवर देखरेख करायला मोर आला. तो आला आणि त्यानं पिसारा फुलवला. पिसाऱ्यावर पुष्कळ डोळे होते. ते सगळे भविष्याकडे बघत होते, असं तो म्हणाला.

“साळूताई, तुम्ही अजून मुंग्यांवरच? शेजारचं जंगल डोंगळ्यांवर गेलं.”

“पण कारभारीसाहेब, पाणी तर येतंय.”

“पाण्याचं काय घेऊन बसलात!”

डोंगळ्यांची भाषा वेगळी. साळूताईनं ती शिकून घेतली. सहा महिने बसून सगळी पानं पुन्हा लिहिली. सातव्या महिन्यात पाणी आलं. पूर्वी यायचं तसंच आलं. मोराचा सत्कार झाला.

दोन वर्षांनी मोर पुन्हा आला.

“शेजारी वाळवीवर गेले!”

“वाळवी लाकूड खाते,” साळूताई म्हणाली.

“तो तपशील झाला. तपशील नंतर बघू.”

बाराव्या दिवशी वाळवीनं फळी खाल्ली. चवीनं खाल्ली. कुंडातलं सगळं पाणी दुपारपर्यंत वाहून गेलं आणि दिवस वैशाखाचे होते. तिसऱ्या दिवशी चितळांची पाडसं पाणवठ्यातला चिखल चाटू लागली. साळूताईनं ते पाहिलं आणि खाता खाता कंद खाली ठेवला.

वाघानं दरबार भरवला.

“महाराज, वाळवीचा दोष नाही,” मोर म्हणाला. “पानं नीट लिहिली गेली नाहीत. शेजारी वाळवी उत्तम चालते.”

“मग शेजारी जाऊन शिकून या,” वाघ साळूताईला म्हणाला. “चार दिवस देतो. नाहीतर बीळ रिकामं करा. दुसरं कुणी बघू.”

साळूताई कोरडा ओढा ओलांडून शेजारच्या जंगलात गेली. तिथली पानं खवलेअण्णा लिहायचे. खवलेअण्णा म्हणजे खवलेमांजर. ही जात मुंग्या खाते, पण अण्णा कामाच्या वेळेत खात नसत. काम कधी संपेल असं कुणी विचारलं की मात्र ते अंगाचं वेटोळं करून घेत.

तिथल्या झऱ्यावर साळूताईला कुणीच दिसलं नाही. फळीही दिसली नाही. फळीच्या जागी खवल्यांचा एक गोळा बसवला होता आणि त्याच्या फटींतून पाणी ठिबकत होतं.

“अण्णा?”

गोळ्यातून नाक बाहेर आलं. “कोण? साळूताई का? बसा. मला उठता येणार नाही. सध्या आमची फळी मीच आहे.”

“म्हणजे तुमचीही वाळवीनं खाल्ली?”

“नवव्या दिवशी.”

“पण तुमच्याकडे वाळवी उत्तम चालते म्हणे!”

“तुमच्याकडे चालते, असं आमचे कारभारी म्हणाले. म्हणून तर आम्ही आणली.”



“आणि डोंगळे?” साळूताईनं हळूच विचारलं.

“तेही तुमचं बघूनच.”

सुरुवात कुणी केली हे शोधायचा त्यांनी प्रयत्न केला. सापडलं नाही. दोघांनी मिळून आयुष्याची पाच वर्षं एकमेकांची नक्कल करण्यात घालवली होती, आणि त्यांची आज पहिल्यांदाच भेट होत होती. साळूताईला रडू आलं. अण्णांना उठून समजूत घालता येईना, म्हणून त्यांनी तिथूनच “असू द्या, असू द्या” म्हटलं.

“मी जाऊन खरं सांगते,” साळूताई डोळे पुसत म्हणाली.

“मी सांगून पाहिलं. ‘अण्णांना बदल सोसत नाही’ म्हणाले.”

साळूताईला चिखल चाटणारी पाडसं आठवली. ती थोडा वेळ विचार करत बसली.

“मग असं करू,” ती म्हणाली. “तुम्ही मुंग्यांवर गेलात असं मी आमच्याकडे सांगते. आम्ही गेलो असं तुम्ही तुमच्याकडे सांगा.”

“नुसतं मुंग्या म्हणून चालणार नाही, ताई. जुनं वाटेल. नाव पाहिजे.”

संध्याकाळपर्यंत दोघांनी नाव शोधलं.

“सूक्ष्मपाद प्रणाली!” दुसऱ्या दिवशी मोर ओरडला. “शेजारी तिथवर पोचलेसुद्धा? मी केव्हापासून हेच म्हणतोय! किती महिने लागतील?”

“दोन दिवस.”

मोराचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्या नावाला एवढा कमी वेळ त्याला बरा वाटला नाही.

सुतारपक्ष्यांनी नवी फळी कोरून दिली. साळूताईनं पान लिहिलं. पुन्हा राहून जाऊ नये म्हणून आधी तळाशी ‘थांबा’ लिहिलं, मग त्याच्या वर ‘उचला’. कुंड भरलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यात पाणी आलं. एक पाडस पाण्यात चारही पाय टाकून उभं राहिलं आणि पीतच राहिलं. साळूताई झुडपामागून बघत होती. खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटत होतं. पण जेवढं वाटायला हवं होतं, तेवढं वाटत नव्हतं.

गोष्ट इथं संपायला हवी होती, मुलांनो. पण साळूताईचं नाव झालं.

दोन जंगलांना एकाच वेळी नव्या प्रणालीवर नेणारी साळूताई! लांबलांबच्या जंगलांतून शिष्टमंडळं येऊ लागली. सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा: आता पुढे काय येणार?

एकदा साळूताई एका अवघड ओळीत अडकली होती. मुंग्या डावीकडे का वळतात, हे तिला दोन दिवस सापडत नव्हतं. आता सापडेल असं वाटलं, तेवढ्यात तीन रानडुकरं समोर येऊन उभी राहिली.

“ताई, पुढचा काळ कुणाचा?”

तिच्या पानावरून एक गोगलगाय चालली होती. साळूताईनं मान वर न करता म्हटलं, “गोगलगायींचा.”

रानडुकरं हात जोडून गेली. साळूताईला चूक सापडली आणि ती सगळं विसरून गेली.

महिन्याभरात मोर धापा टाकत आला.

“साळूताई, आजूबाजूची सातही जंगलं गोगलगायींवर गेली! आपणच मागे राहिलो.”

“अहो कारभारीसाहेब, ते मी थट्टेनं म्हटलं होतं!”

“नम्रता पुरे. महाराजांनी तुम्हाला गोगलगायप्रमुख नेमलंय.”

साळूताई शेजारी धावली. अण्णांना तीन दिवसांपूर्वीच नेमलं होतं. त्यांनी वेटोळं करून घेतलं होतं आणि ते काही केल्या सुटेना.

साळूताई परत आली. तिनं एक काटा उपटला आणि गोगलगायींची भाषा शिकायला घेतली. या सोमवारी तिनं त्यांना पहिली सूचना दिली. आज गुरुवार आहे. एका गोगलगायीनं शिंगं बाहेर काढली आहेत.

मोर म्हणतो, सुरुवात उत्साहवर्धक आहे.

तात्पर्य: मुलांनो, खोटं कधी बोलू नये. अगदी बोलावंच लागलं, तर पुढे आपल्याला करायला जमेल असंच खोटं बोलावं.