लेक व्ह्यू, भाडं शून्य

टेकचंदनं त्या दिवशी टेबल उचललं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. (टेबल चांगलंच जड होतं. देवानं तेव्हाच सूचना दिली होती, पण टेकचंदला ती कळली नाही.)

टेकचंद आमगावचा. पुण्याच्या एका कंपनीत बिलिंगचं काम करायचा. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन जो घरी आला, तो परत गेलाच नाही. घरी वडील उमराव, आई शांतीबाई, बायको पुष्पांजली आणि एक गाय. पोटाला घरचा तांदूळ, डोक्यावर घरचं छप्पर. माणसानं सुखी व्हायला एवढं पुरतं. पण जगात साडू नावाची एक गोष्ट असते.

टेकचंदचा साडू धर्मेंद्र. पुष्पांजलीच्या धाकट्या बहिणीचा, रेणूचा नवरा. तोही घरूनच काम करायचा, फक्त त्याचं घर दर महिन्याला बदलायचं. बंगळुरूचा फ्लॅट सोडून दोघं गावोगाव फिरत होते. कधी धर्मशाळा, कधी पाँडिचेरी. घरच्या ग्रुपवर फोटो यायचा: कॉफीचा कप, लॅपटॉप, मागे धुकं. खाली लिहिलेलं, ‘आजचं ऑफिस.’

पुष्पांजली तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघायची आणि काहीच बोलायची नाही. तिचं ते न बोलणं टेकचंदला मिरचीसारखं झोंबायचं.

"त्या कपात दोन घोट कॉफी नसन," तो म्हणायचा. "अन् पैसे पाहा किती!"

"कप सुंदर हाये पर," ती म्हणायची.

झालं. एका सकाळी टेकचंदनं ते जड टेबल उचललं, घरामागच्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर नेऊन ठेवलं, वर लॅपटॉप ठेवला आणि शेजारी आईचा स्टीलचा पेला. मागं पाणी, पाण्यात बगळे. फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘आजचं ऑफिस. लेक व्ह्यू. भाडं शून्य.’

मिनिटभरात धर्मेंद्रचा फोन आला.

"भाऊजी, काय जागा आहे! आम्ही इथं खोलीच्या भाड्यातच अर्धे संपतो."

"बघा आता!" टेकचंद फुलला. "इथं दूध घरचं, भाजी परसातली. ट्रॅफिक म्हणाल तर म्हशी. अन् म्हशी हॉर्न वाजवत नाहीत."

"आणि नेट?"

"नेट तर उडून राहिलं!" (हे एका अर्थी खरं होतं. नेट गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळच्या एका कोपऱ्यातच नीट उतरायचं. बाकी वेळ ते हवेतच असायचं.)

"मग ठरलं. पुढचा मुक्काम आमगाव!"

टेकचंदच्या हातून फोन पडता पडता राहिला.

पुढच्या आठवड्यात रेणू गोंदियाला माहेरी उतरली आणि धर्मेंद्र दोन बॅगा घेऊन सरळ आमगावला आला. टेकचंदला वाटलं होतं, दोन दिवसांत कंटाळेल. पण धर्मेंद्र त्या घरात असा रमला, की टेकचंदलाच आपण पाहुणे आहोत असं वाटू लागलं.

शांतीबाई सकाळी त्याच्यासाठी तांदळाचे आयते, म्हणजे पातळ धिरडी, काढू लागल्या, गरमगरम, सोबत टमाट्याची चटणी. टेकचंदनं ताट पुढं केलं तर म्हणाल्या, "तू थांब. पाव्हण्याले घेऊ दे पयले."

उमरावांनी इतक्या वर्षांत मुलाला तो काय काम करतो हे कधी विचारलं नव्हतं. कोणी विचारलं तर सांगायचे, "डब्ब्यासमोर बसून राहते." तेच उमराव आता धर्मेंद्रच्या शेजारी खाट टाकून म्हणू लागले, "अस्सं! मंग हे बटन दाबलं का तिकडं अमेरिकेत दिसते?"

टाकीजवळचा कोपरा अर्थातच पाहुण्याला दिला गेला. टेकचंदला गोठ्यालगतच्या पडवीत बसावं लागलं. तिथं नेट अडखळत यायचं, आणि तो मीटिंगमध्ये बोलायला लागला, की गायही बोलायची. मॅनेजर विचारायचे, "टेकचंद, तुमच्याबरोबर आणखी कोण जॉइन झालंय?"

टेकचंदनं शेवटी हत्यार काढलं.

"इथं साप निघतात," तो जेवताना सहज म्हणाला.

"खरंच? मग फोटो मिळेल!" धर्मेंद्र खूश झाला आणि पुष्पांजली खळखळून हसली. ती इतकी हसते हे टेकचंदला लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं.

त्या दुपारी धर्मेंद्र गच्चीवर मोठ्या साहेबांशी बोलत होता. वरून त्याचं फाडफाड इंग्रजी आणि मध्येच उमरावांचं "वा!" ऐकू येत होतं. खाली टेकचंदचीही मीटिंग सुरू होती, पण त्याची बारी यायला वेळ होता. ते दुसरं "वा!" आलं आणि टेकचंदला राहवलं नाही. तो उठला, ओसरीत गेला, इकडेतिकडे पाहिलं आणि मेन स्विच खाली ओढला.

गच्चीवरचं इंग्रजी तसंच सुरू राहिलं. धर्मेंद्रच्या लॅपटॉपची बॅटरी दिवसभर चालायची आणि नेट मोबाइलवरचं होतं.

टेकचंदच्या लॅपटॉपची बॅटरी मात्र कधीच वारली होती. तो पडवीत परतला तेव्हा पडदा काळा होता. त्यावर स्वतःचं तोंड तेवढं दिसत होतं.

"लाईट काऊन गेली?" शांतीबाई ओरडल्या.

टेकचंद धापा टाकत गच्चीवर गेला. धर्मेंद्रनं त्याचा चेहरा पाहिला, साहेबांना थांबायला सांगितलं आणि लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला. "आधी तुमचं करा भाऊजी. माझं होईल नंतर."

टेकचंदनं तिथूनच सगळं काम समजावलं. मॅनेजर म्हणाले, "व्वा! आज प्रथमच तुमचं बोलणं नीट कळलं."

खाली येऊन पाहतो, तर पुष्पांजली मेन स्विच वर करत होती. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि हात पदराला पुसले.

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र रेणूला घ्यायला गोंदियाला निघाला. टेकचंद त्याला गाडीत बसवायला आमगाव स्टेशनला गेला. फलाटावर धर्मेंद्र एकदम गंभीर झाला.

"भाऊजी, एक सांगू? मला तुमचा हेवा वाटतो. आमचं काय? नव्या गावात गेलं की पहिले चार दिवस किराणा कुठं अन् नेट कुठं, हेच शोधण्यात जातात. मग रेणूशी भांडण. मी तो कॉफीचा फोटो काढतो अन् खोलीवर येऊन खिचडी खातो. तुमच्याभोवती तुमची माणसं आहेत. खरं म्हणजे, हुशार तुम्हीच."

गाडी दिसेनाशी होईपर्यंत टेकचंदनं हात हलवला. घरी तो जवळजवळ धावतच आला.

"ऐकलं का? धर्मेंद्रले माझा हेवा वाटते म्हणे! माझा!"

पुष्पांजली तांदूळ निवडत होती. "मले माहीत हाये."

"तुले कसं माहीत?"

"मीच सांगितलं त्यायले तसं म्हणायले. म्हटलं, जाताना दोन शब्द चांगले बोलून जा, नाहीतर हे महिनाभर तोंड पाडून बसतीन."

टेकचंद खाटेवर बसला. मग त्यानं हळूच विचारलं, "हुशार म्हटलं मले, तेही तूच सांगितलं?"

"नाही बा," पुष्पांजली म्हणाली. "ते नोहतं सांगितलं मी."

टेकचंदचा चेहरा उजळला.

तिनं सुपातला खडा वेचून बाहेर टाकला. "ते रेणूनं सांगितलं असन. म्हणतेच नेहमी, भाऊजी लय भोळे हायेत म्हणून."