अडतिसावी ओळ

आमच्या नागापूरच्या कारखान्यात मिलिंद तपासणीला आहे. मी लेथवर जॉब, म्हणजे यंत्राचा सुटा भाग, काढायचा आणि त्यानं मायक्रोमीटर लावून, नाक मुरडून त्यावर नापासाचा लाल ठिपका द्यायचा, असा आमचा दोघांचा पोटापाण्याचा धंदा. पण हा गडी लाल पेन खिशात घालून घरीही नेतो. घरी तो रॅप लिहितो आणि स्वतःच्याच ओळींवर ठिपके देत बसतो. त्याची वही मी पाहिलीय. गोवर आल्यासारखी दिसते.

"बसत न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. जॉब बसत न्हाई, यमक बसत न्हाई. माझ्या पुतणीच्या लग्नात आमच्या साडूनं स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हटली. त्यात त्यानं 'वऱ्हाडी'ला 'आनंदी' जोडलं, आणि अक्षता हातात धरून उभा असलेला मिलिंद माझ्यामागून म्हणाला, "बसत न्हाई." हळूच बोललो, असं त्याचं म्हणणं. चार रांगांना ऐकू गेलं. साडू अजून माझ्याशी तुटक बोलतो.

रॅपर म्हणून त्यानं नाव घेतलंय 'मायक्रॉन', म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गळ्यात चेन नाही, डोळ्यावर गॉगल नाही, अंगात कंपनीचाच निळा शर्ट. एकेका ओळीत चार-चार यमकं ठोकून बसवतो आणि ती अशी सुसाट म्हणतो, की पहिलं कळेपर्यंत चौथं निघून गेलेलं असतं.

"अरे, लोकांना नाचायला दोन शब्द दे," मी त्याला कितीदा सांगितलं. "एवढं बारीक कोण ऐकतंय?"

"ऐकतील, अण्णा. काम चोख असलं की माल खपतोच."

तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला हा हे शिकवतो!

त्याच्या मते त्याचं खरं गाणं एकच, आईवरचं. त्याची आई मथुराबाई श्रीरामपूरला जिनिंगमध्ये कापूस निवडायची. हा दहावीत असताना ती वारली. गाण्याच्या ओळी पंचेचाळीस, आणि तिचं नाव येतं ते थेट अडतिसाव्या ओळीत. आधीच्या सदतीस ओळी त्या नावासाठी वाट करून देतात म्हणे. आता लोकांची गंमत अशी, की ते विसाव्या ओळीपुढं कधी गेलेच नाहीत. गणपतीत नाही, जयंतीला नाही. कुणी शिट्ट्या मारतं, कुणी सरळ साउंडच बंद करतं. "मग नाव पहिल्याच ओळीत घे की बाबा," असं मी एकदा म्हणालो. त्यानं बिघडलेल्या जॉबकडं बघतात तसं माझ्याकडं बघितलं.

अशात घोडेगावच्या बाजारातले एक पेंडवाले भाऊ त्याच्याकडं आले. त्यांना टेम्पोवर लावायला गाणं पाहिजे होतं. मिलिंदनं चहा निवेपर्यंत लिहून दिलं:

"म्हस कुणाची? भाऊंची!
पेंड कुणाची? भाऊंची!"

'भाऊंची'ला 'भाऊंची' जोडलं, या दुःखानं तो दोन दिवस नीट जेवला नाही. आणि गाणं असं सुटलं की विचारू नका. वरातीत वाजलं, रिल्स निघाल्या, माझी नात दूध पिताना तेच म्हणायला लागली, आमचे मॅनेजरसाहेब जिना चढताना गुणगुणायला लागले. "अण्णा, रिजेक्ट काम हाय वो ते," मिलिंद कळवळून सांगायचा.

त्याच गाण्यापायी श्रीरामपूरच्या एका कॉलेजनं त्याला गॅदरिंगला बोलावलं. मला म्हणाला, "तुमी चला. लोकांना म्हस पायजे, देऊ. पन आदी आईचं म्हननार. तिच्या गावात तरी तिच्या नावापर्यंत पोचायचंय मला." त्याचा चेहरा बघून मी रजाच टाकली.

भरदुपारी मांडव गच्च भरलेला. मिलिंदनं आईचं गाणं धरलं, आणि मी खाली बसून बोटांवर ओळी मोजायला लागलो. बाविसाव्या ओळीपर्यंत पोरं गप्प होती. एवढं कधीच झालं नव्हतं. तेविसाव्याला मागून कुणीतरी "म्हस, म्हस" सुरू केलं. पंचविसाव्याला सगळा मांडव तेच ओरडत होता. मिलिंद सव्विसाव्या ओळीत थांबला. आता हा माइक ठेवून उतरणार, असं मला वाटलं.

त्यानं म्हशीचं गाणं सुरू केलं. पोरं उठून नाचायला लागली. "म्हस कुणाची?" "भाऊंची!" "पेंड कुणाची?" "भाऊंची!" दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला तो स्टेजच्या कडेला आला आणि बसलेल्या आवाजात म्हणाला, "मिलिंद कुणाचा?"

"भाऊंचा!" पोरं ओरडली.

त्यानं हात हलवून नाही म्हटलं. "मथुराबाईचा," त्यानंच सांगितलं, आणि परत विचारलं, "मिलिंद कुणाचा?"

"मथुराबाईचा!"

त्यानं पुन्हा विचारलं. सहा-सात वेळा तरी विचारलं असेल, माइक पोरांकडं धरून. ताल केव्हाच सुटला होता. मीही ओरडत होतो, उगाच कशाला लपवू.

परतीच्या एसटीत राहुरी मागं पडली.

"गानं काय पुरं झालं न्हाई, अण्णा," मिलिंद म्हणाला.

"न्हाई झालं," मी म्हटलं.

तो खिडकीबाहेर उसाकडं बघत होता. "जिनिंगमदी वीस वर्सं काढली तिनं," तो म्हणाला. "मुकादमापासून हमालापर्यंत सगळे तिला 'ए बाई' म्हनायचे. नावानं हाक कुणीच मारली न्हाई."