शिकलगार चाचांची गुळणी

तुम्ही आपल्या कामाला निघाला आहात. एक अनोळखी माणूस हात धरून तुम्हाला कारखान्यात नेतो, स्टुलावर बसवतो, एका हातात पुस्तिका आणि दुसऱ्या हातात पाना देतो. मग स्वतः डोळ्यांवर वेल्डिंगचा काळा गॉगल चढवतो, तोंडात पाणी भरतो आणि गाल फुगवून तुमच्यासमोर बसून राहतो. काय कराल?

पळाल. मीही पळाले असते, पण मला तिथं नोकरी लागली होती.

शिरोली एमआयडीसीत आमचा कडबाकुट्टीचा, म्हणजे गुरांचा चारा कापायच्या यंत्रांचा, कारखाना आहे. आमचा म्हणजे मालकांचा. ही 'आमचा' म्हणायची सवय मोडायला हवी. यंत्रासोबत खोक्यातून जी पुस्तिका जाते, आणि जी गिऱ्हाईक न वाचता गोठ्याच्या पत्र्याच्या फटीत खोचून ठेवतं, ती लिहिणं हे माझं काम. पगारपत्रकावर ह्याला 'टेक्निकल रायटिंग डिपार्टमेंट' म्हणतात. पहिल्या दिवशी मी विचारलं, डिपार्टमेंटमध्ये किती जण? हसन शिकलगारांनी आधी स्वतःकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे.

"भरलं की," म्हणाले.

ह्यांना सगळा कारखाना चाचा म्हणतो. अर्धं आयुष्य गावोगावच्या गोठ्यांत यंत्रं दुरुस्त करण्यात गेलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा मालकांनी टेबलाशी बसवलं. गुडघ्यांचं काय घेऊन बसलात, चाचांचं सगळंच बोलतं. कुरियरवाला सही मागायला आला तर सही होईपर्यंत चाचा त्याच्या मामाच्या गावच्या म्हशीपर्यंत पोचलेले असतात. आणि हाच माणूस गप्प बसता यावं म्हणून तोंडात पाणी धरतो.

कारण चाचणी. पुस्तिका छापायला जाण्याआधी, जन्मात कधी कडबाकुट्टी न जोडलेल्या माणसाला ती वाचून यंत्र जोडायला लावायचं, असा चाचांचा शिरस्ता. यंत्राची पाती काढलेली असतात, वायर तोडलेली असते, त्यामुळे बोटांना धोका नाही. लिहिणाऱ्यानं समोर बसायचं आणि रस्त्यावरून आणलेला पावणा कुठं अडतो ते बघायचं. पण एक अक्षर बोलायचं नाही.

"त्याच्या गोठ्यात कागद जाणार हाय, पोरी. मी न्हाय जाणार," चाचा सांगायचे. "मग कागदालाच बोलू दे की."

गॉगल नंतर आला. पेठ वडगावचा एक पावणा पुस्तिका बाजूला ठेवून चाचांच्या भुवया वाचायला लागला. भुवई वर गेली की बोल्ट उलटा फिरवायचा. शेवटी यंत्र बिनचूक जोडून मोकळा झाला आणि चाचांना म्हणाला, "लई सोपं लिवलंय बगा तुम्ही." चाचणी संपली की चाचा ते पाणी दाराजवळच्या जास्वंदीच्या कुंडीत टाकतात. कुणीतरी सुचवलं, मिठाची गुळणी धरा, म्हणजे खरी म्हणीतल्यासारखी होईल. चाचांनी तेही करून बघितलं. जास्वंद वाळायला लागली आणि चाचांना ओकारी आली.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचांची गुळणी नेहमीपेक्षा मोठी असायची. गाल फुटतील की काय असं वाटायचं. मी समजूत करून घेतली, आराम झालाय, दमसास वाढला असेल.

आता माझी अडचण सांगते. मी पत्रकांवर वाढले आहे. शब्दशः. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे होते आणि त्यांवर बसून मी जेवत असे. आबा, म्हणजे माझे वडील, कामगार संघटनेत. त्यांनी माझं नाव क्रांती ठेवलं. आमच्या घरात शिवी चालायची, उधारी चालायची, पण गप्प बसणं चालायचं नाही. जो गप्प बसतो तो जुलमाच्या बाजूचा, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आणि नशीब बघा, कामाला लागले ते गप्प बसणं हाच धर्म मानणाऱ्या माणसाच्या हाताखाली. सकाळी गेटवर चाचा वॉचमनला विचारायचे, "क्रांती आली का रं?" तो म्हणायचा, "न्हाय अजून." दोघंही गंभीर. आबांना हे सांगितलं तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

माझी पहिली पुस्तिका अशी सुरू होत होती : 'शेतकरी बंधू-भगिनींनो, जागे व्हा! आपली दहा बोटे ही आपली खरी संपत्ती आहे!' चाचांनी ती एका शब्दानंही न टोकता चाचणीला लावली. रस्त्यावरून भाजीची पाटी घेऊन चाललेल्या एक मावशी आणल्या. मावशींनी मोठ्यानं वाचलं. वाचता वाचता त्यांचा आवाज चढला. शेवटी त्या उभ्या राहिल्या, माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, "अगदी बरोबर बोललीस बाई," आणि पाटी उचलून निघून गेल्या. पाना जागचा हलला नव्हता.

चाचांनी पाणी कुंडीत टाकलं. "लई भारी लिवलंयस. माझ्या अंगावर काटा आला. पर यंत्राचं कवर कुठल्या बाजूनं उघडायचं?"

ते मी लिहिलंच नव्हतं.

मी चिडले. चिडल्यावर मला तत्त्वं आठवतात. पुढच्या चाचणीला पावणा घाम पुसत नट पिळत असताना मी म्हटलं, "चाचा, ही वेठबिगारी आहे. रस्त्यावरच्या माणसाला धरून आणायचं, त्याच्याकडून काम करून घ्यायचं, मजुरी एक कप चहा!" चाचांच्या तोंडात गुळणी. गॉगलच्या आत काय चाललं होतं कोण जाणे. मोकळे झाल्यावर त्यांनी पावण्यालाच विचारलं, "काय वं पावणं, वेठीला धरलंय का तुमास्नी?"

"न्हाय बा," पावणा म्हणाला. "मला वाटलं आरोग्य खात्याचं कायतरी असंल."

आणि मजुरी एक कप नव्हती, हेही खरं. चाचणी लवकर संपायची, चहा संपायचा नाही. भडंग यायचं, दुसरा कप यायचा, पावण्याचं गाव निघायचं, गावातली तीन यंत्रं निघायची, त्यातलं एक चाचांनी कसं भर पावसात चालू केलं ते निघायचं. मी घड्याळाकडे बघत बसायचे. वेळेचा हा अपव्यय मला समजत नव्हता.

पण चाचांच्या डोक्यातलं काही एकदम पटायचंही, आणि मग गोंधळ आणखी वाढायचा. जोतिबाच्या यात्रेहून परतणारा एक तरुण त्यांनी असाच आत घेतला. नखशिखांत गुलालात. मी म्हटलं, पुस्तिका खराब होईल. चाचांनी हातानंच गप्प केलं. तो गेल्यावर पुस्तिका उघडून दाखवली. पहिली पाच पानं जराशी गुलाबी, सहावं इतकं गुलाबी की अक्षर दिसेना, आणि त्यापुढची स्वच्छ.

"पाचपातूर सुटलं. सहाव्याला अडकलं, धा वेळा पान उलटं-पालटं केलं," चाचा म्हणाले. "सहावं पुन्हा लिव."

सहावं माझंच होतं.

एकदा पुण्यातल्या टेक्निकल रायटर मंडळींची ऑनलाइन बैठक होती. सॉफ्टवेअरवाले, हुशार लोक. मी चाचांना हौसेनं सोबत बसवलं. थोड्या वेळानं पडद्यावरून आवाज यायला लागले, "सर, तुम्ही म्यूटवर आहात, ऐकू येत नाही." चाचांनी फुगलेल्या गालांकडे बोट दाखवलं. दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालू नये म्हणून गुळणी धरून बसले होते. नंतर मला विचारतात, "ती माणसं हुती का फोटू?" मी म्हटलं, माणसं. "मग चहा कोण पाजणार त्यास्नी?"

हे सगळं असंच चाललं असतं. पण एका सकाळी चाचांनी गेटसमोर गाडीतून उतरलेल्या एका जाड्या माणसाला "काय वं पावणं, जरा या की" करून आत घेतलं. तो माणूस निमूट बसला, पुस्तिका वाचली, पट्टा चढवला. बाहेर पडल्यावर तो थेट धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये गेला. मोठा डीलर होता. "मी आर्डर द्यायला आलतो," तो ओरडला. "हितं मला नट पिळायला बसवलं!"

धाकटे मालक शिकून आलेले आहेत, ओरडत नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, चाचणीचं टेबल बंद. पुस्तिका तरी आता कोण वाचतं? यंत्रावर क्यूआर कोड चिकटवू, त्यावर व्हिडिओ ठेवू. "आणि चाचा, व्हिडिओत तुम्हीच बोलायचं. तुम्हाला बोलायला आवडतं ना? पोटभर बोला. पाणी नाही, गॉगल नाही."

मला वाटलं, अन्यायातूनही कधी न्याय निघतो. माणसाला बोलायचा हक्क मिळाला! चाचाही इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून आले. यंत्राला हार घातलेला. मोबाइल तिवईवर. शूटिंगवाला म्हणाला, "बोला चाचा."

चाचा बोलले नाहीत.

"नमस्कार म्हणा."

"नमस्कार," चाचा म्हणाले. आणि थांबले. त्यांनी मोबाइलच्या मागं डोकावून बघितलं. "कुणाला सांगायचं?"

"हजारो लोक बघणार आहेत, चाचा."

"व्हय. पर हायत कुठं?"

शूटिंगवाल्यानं मला मोबाइलच्या मागं उभं केलं. हिला सांगा म्हणाला. चाचा माझ्याकडे बघून ओशाळले. "हिला सगळं ठावं हाय. हिला काय सांगू?" पुन्हा शूटिंगचा दिवा लागला. चाचांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि सवयीनं त्यांचे गाल फुगले. तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. ते तसेच उभे राहिले. शेवटी शूटिंगवाल्यानं तिवई मिटवली. धाकटे मालक म्हणाले, "ठीक आहे, आवाज दुसऱ्याचा घेऊ." आणि चाचणीचं टेबल स्टोअरमध्ये न्यायला सांगितलं.

मी भडकले, आणि भडकले ती चाचांवरच. "एवढी वर्षं बोललात! बोलणं थांबवायला तोंडात पाणी धरावं लागतं तुम्हाला! आणि बोलायची वेळ आली तेव्हा काय झालं?"

चाचा त्या रिकाम्या स्टुलावर बसले. हाराचं एक फूल खाली पडलं होतं, ते उचललं.

"सुट्टीच्या दिवशी मी कुणासंगं बोलतो, ठावं हाय का तुला?" म्हणाले. "दूधवाल्यासंगं. मी म्हणतो, अर्धा. त्यो म्हणतो, बरं. झालं. तुजी चाची गेल्यापासनं तेवढंच. पोरीचा फोन येतो सौदीवरनं, ती घाईत असती, मी म्हणतो बरं हाय. मग दुसऱ्या दिशी हितं आलो आनि म्होरं माणूस बसला, की सगळं एकदम भाईर याया बगतं. त्या पावण्याला बोल्ट कळायच्या आत माजा संसार कळायचा." हसले. "म्हणून पाणी, पोरी."

मी काही बोलले नाही. जुलमाच्या बाजूची म्हणा, काही म्हणा.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या मालकांकडे गेले. मनात पत्रक तयार होतं. तीन मुद्दे, शेवटी घोषणा. पण तोंड उघडलं आणि माझाच गोंधळ उडाला, कारण चाचांचं दुःख त्यांच्या परवानगीशिवाय मालकांच्या टेबलावर मांडायचा मला काय हक्क? मग मी एवढंच म्हटलं, "एकदा तुम्ही चाचणीला बसा." ते हसले, पण आले. मी त्यांच्या हातात पुस्तिका आणि पाना दिला, चाचांचा गॉगल घातला आणि तोंडात पाणी भरलं.

मला सांगायचंय, ते फार अवघड असतं. मालक नऊ नंबरच्या ओळीला अडले. ही ओळ त्यांनी स्वतः बदलून घेतली होती, 'सोपी' करून. त्यांनी पाना इकडून लावला, तिकडून लावला, माझ्याकडे बघितलं, "अगं, सांग ना!" म्हणाले. माझ्या घशाशी आख्खं पत्रक आलं होतं. मी ते पाण्यासकट धरून ठेवलं. चाचा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता.

बऱ्याच वेळानं मालकांनी पाना खाली ठेवला. "नववी ओळ परत लिहा," म्हणाले. मग दारापर्यंत जाऊन वळले. "टेबल राहू दे दिवाळीपर्यंत. पण रस्त्यावरून कुणाला ओढून आणायचं नाही. आपणहून कुणी आलं तर बसवा. कुणी आलं नाही, तर टेबल स्टोअरमध्ये."

तेव्हापासून टेबल आहे, स्टूल आहे, पाणी भरलेला ग्लास आहे. चाचा गेटच्या आत उभे राहून रस्त्याकडे बघतात आणि हाक मारत नाहीत. शब्द दिलाय.

म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. शिरोलीच्या बाजूला आलात तर कडबाकुट्टीचा कारखाना विचारा आणि गेटवर म्हणा, वाचायला आलोय. यंत्राची माहिती नसली तर उत्तमच. पुस्तिका वाचा, अडाल तिथं खुशाल अडा. समोरचा म्हातारा गॉगल घालून गाल फुगवेल, घाबरू नका. काम झाल्यावर तो उठेल, दारातल्या जास्वंदीपाशी जाईल, पाणी टाकेल. तेव्हा चप्पल घालू नका. चहा येईपर्यंत थांबा, आणि आल्यावर तुमच्या गावाचं नाव सांगा.

जमलं तर सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी या.